अर्ध्या जिलबीचा आग्रह

मुलुंडच्या हॉलमध्ये मुंजीची पंगत बसली होती आणि गंधाली आपल्या पानावरचे पदार्थ गायब करण्याच्या उद्योगात होती. उद्योग म्हणजे काय, तर डावीकडे लता मावशीचं पान होतं. मावशी समोरच्या बाईच्या बांगड्या न्याहाळायला वळली, की गंधालीची एक पुरी, थोडा मसालेभात गुपचूप तिकडे जायचा. मावशी बिचारी खात होती, खात होती, पण पान काही संपत नव्हतं. वर, आजचे वाढपी किती तत्पर आहेत म्हणून कौतुकही करत होती.

गंधालीला तरी दुसरा इलाज काय होता? आदल्या वर्षी डॉक्टरांनी ऑपरेशन करून तिचं पोट अंड्याएवढं करून ठेवलं होतं. दोन तुकडे पनीर, चार घास वरणभात, की खेळ खल्लास. वर एक घास गेला तर तो आल्या वाटेनं परत यायचा. जेवताना पाणी नाही, आणि गोड तर नाहीच नाही. वजन जवळजवळ निम्म्यावर आलं होतं आणि घरून सक्त ताकीद होती, कुणी विचारलं तर सांगायचं, रोज चालते. "लग्न ठरेपर्यंत ऑपरेशनचं नावसुद्धा काढायचं नाही," आई म्हणाली होती.

"मी सगळं बघितलंय हं."

गंधालीनं दचकून वर पाहिलं. जिलब्यांचं ताट घेऊन एक उंच मुलगा समोर उभा होता. कुर्त्याच्या बाह्या वर सारलेल्या, कपाळावर घाम, आणि डोळ्यांत असलं मिश्कील हसू की... जाऊ दे.

"काय बघितलंत?"

"दोन पुऱ्या आणि अख्खं श्रीखंड मावशींकडे राहायला गेलं ते. मी शौनक, बटूचा मावसभाऊ. आग्रहाचं खातं माझ्याकडे आहे. माझ्या हातची जिलबी न खाता अजून कुणी पानावरून उठलेलं नाही."

"मग आज उठेल."

"असं नका ना करू यार. एकच."

"नको."

"अर्धी."

"खरंच नको हो."

त्यानं एक जिलबी मोडली, थोडा वाकला आणि आवाज एकदम खाली आणून म्हणाला, "अर्धी... माझ्यासाठी?"

आता तुम्हीच सांगा, शहाण्या मुलीनं अशा वेळी काय करावं? पानावर आडवा हात धरावा. गंधाली चांगली शहाणी होती, बँकेत ऑफिसर होती. तिनं ती अर्धी जिलबी खाल्ली.

थोड्याच वेळात छाती धडधडायला लागली, तळव्यांना घाम फुटला, पाय लटपटले. गोड खाल्लंस तर नेमकं हेच होईल, असं डॉक्टरांनी बजावून ठेवलं होतं. पण प्रेमात पडल्यावरही हुबेहूब हेच होतं, असं मैत्रिणी सांगत आल्या होत्या. आहेराच्या खोलीत सतरंजीवर आडवी पडून गंधाली विचार करत राहिली, की आपल्याला यातलं नक्की काय झालंय. तेवढ्यात शौनक धावत आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"माझ्या जिलबीनं झालं का हे?"

"छे... उन्हानं," ती बिनदिक्कत खोटं बोलली.

"नंबर दे तुझा. घरी पोचलीस की कळव." अहोचं अगं कधी झालं, ते दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मग भेटी सुरू झाल्या आणि खरी पंचाईत झाली. शौनकचं प्रेम म्हणजे खाऊ घालणं. घाटकोपरचा डोसा झाला, भांडुपची मिसळ झाली, मालाडला कुठल्याशा गाडीवरची पावभाजी झाली. गंधाली कधी आम्लपित्त पुढे करायची, कधी दाढदुखी, कधी उपास. एकाच आठवड्यात तिनं मंगळवार, गुरुवार आणि शनिवार धरले, तेव्हा "तू नक्की कुठल्या देवाची?" असं त्यानं विचारलंच. तिच्या प्लेटमधलं ती हळूच त्याच्याकडे सरकवायची आणि तो गप्पांच्या नादात खायचा. दिवाळी येईपर्यंत त्याच्या शर्टाचं पोटावरचं बटण रडकुंडीला आलं होतं. रोज रात्री ती ठरवायची, उद्या सांगायचं. आणि रोज सकाळी वाटायचं, सांगितलं आणि तो गेला तर?

दिवाळी सरल्यावर एका सकाळी बागेतल्या बाकावर शौनक म्हणाला, "रविवारी घरी जेवायला ये. आई पुरणपोळ्या करतेय."

"नको रे... नाही जमणार मला."

तो बाकाच्या टोकाला सरकला.

"आमच्या ताईला बघायला एक मुलगा आला होता," तो म्हणाला. "त्यानं पोहे तसेच टाकले. आई तेव्हाच म्हणाली, नकार आहे. आणि तू सहा महिने माझ्यासमोर सगळं टाकतेयस, गंधाली. मलाच मेल्याला कळलं नाही. आता नाही करणार आग्रह."

तो उठला. चार पावलं गेलाही. गंधालीच्या छातीत धडधडलं, आणि सकाळपासून तिच्या पोटात साखरेचा कणही नव्हता.

"शौनक, बस. सांगायचंय मला."

तिनं सगळं सांगितलं. मग फोन काढून जुना फोटो त्याच्या हातात दिला. तो बघत राहिला, आणि ती मनातल्या मनात उत्तरं जुळवत राहिली. किती किलो गेले, खर्च किती आला, परत वाढणार नाही ना, मुलंबाळं होतील ना... ज्या मोजक्या लोकांना माहीत होतं, ते एवढंच विचारायचे.

"खूप दुखलं का गं?" त्यानं विचारलं.

हे तिला कुणीच विचारलं नव्हतं.

"हो रे. आणि नुसतं दुखणं नाही... आनंद झाला की मी खायचे, रडू आलं की खायचे. तेच गेलं. आता त्या वेळी करायचं काय, तेच कळेना."

"मग जिलबी का खाल्लीस, वेडे? माहीत असून?"

"कारण मला कधी कुणी आग्रहच केला नव्हता." ती बोटं चुरगाळत राहिली. "एवढ्या पंगती जेवले. वाढपी माझ्यापाशी आले की हसून पुढे जायचे. हिला कसला आग्रह, ही मागेल की. मला हवी असायची रे जिलबी, पण मागायची लाज वाटायची. तू पहिला..." तिचा आवाज फुटला. "पण मी तेव्हासारखी असते, तर तूही पुढे गेला असतास. खरं सांग."

शौनकला खोटं बोलता आलं असतं. तो नाही बोलला.

"गेलो असतो बहुतेक," तो म्हणाला. "आणि केवढा गाढवपणा झाला असता तो." मग त्यानं तिचा हात हातात घेतला. "आता कुठेही जात नाही. जाणार तरी कसा? तुझ्या प्लेटी संपवून संपवून चालताना धाप लागते मला. तुझं गेलेलं सगळं वजन माझ्याकडेच आलंय."

गंधाली रडता रडता हसली. नाकातून विचित्र आवाज आला, तरी तिनं पर्वा केली नाही.

"माझं प्रेम आहे तुझ्यावर," तो म्हणाला. "आज नाश्ताही केलेला नाही. उपाशीपोटी सांगतोय, म्हणजे समजून घे."

"माझंपण," ती म्हणाली. "केव्हापासूनच."

थोड्या वेळानं त्यानं विचारलं, "आईला मी सांगू का?"

"नको, मी सांगेन. माझी आई ओरडेल, ओरडू दे. तू रविवारी फक्त माझ्या शेजारी बस." मग काहीतरी आठवून तिनं बोट उगारलं. "पण माझ्या ताटातलं काही उचलायचं नाही."

"एक पुरणपोळीसुद्धा नाही?"

"एक घाससुद्धा नाही. माझ्या ताटात उरेल ते सगळ्यांना दिसू दे."