उघड्या खणांची इमारत

तो माणूस तिच्या इमारतीच्या जिन्यात दोन बोटं घालून उभा होता.

इमारत अजून बांधायची होती. सध्या ती वाचनालयाच्या तळमजल्यावरच्या हॉलमध्ये, एका टेबलावर, पुठ्ठ्याची होती. पाच मजले, चाळीस घरं, आणि एक बाजू मुद्दाम उघडी, म्हणजे लोकांना आत डोकावता यावं. नुसतं डोकावता. हात लावू नये, अशी पाटी तिनं स्वतः लिहून टेबलाला चिकटवली होती.

"वाचता येतं ना तुम्हाला?" खुर्चीतून उठत तिनं विचारलं.

"येतं की." त्यानं मानही वर केली नाही. "हात लावू नये, असं लिहिलंय. मी नुसती दोन बोटं..."

"काढा ती आधी."

"थांबा जरा... अडकलं."

आणि मग त्यानं वर पाहिलं. काहीतरी अडकल्याचा एवढा आनंद झालेला माणूस तिनं जन्मात पाहिला नव्हता. उन्हानं रापलेला चेहरा, कमरेच्या पट्ट्याला अडकवलेली टेप, आणि डोळे असे, की रागावलेल्या माणसानं त्यांच्याकडे बघू नये, राग पातळ होतो. तिनं बघितलं. तिथंच चुकलं.

त्याच्या चिमटीत लाकडाचा एक ठोकळा होता, बोटाच्या दोन पेरांएवढा. ते म्हणे सात फुटी कपाट होतं. प्रतिकृतीच्याच मापानं त्यानं ते घरी कापून आणलं होतं, आणि ते जिन्याच्या पहिल्याच वळणावरच्या बाकाला अडून बसलं होतं.

"खिशात पलंगही आहे," तो म्हणाला. "दाखवू?"

तिनं मानेनंच नको म्हटलं. हसू येऊ नये म्हणून ओठ घट्ट मिटावे लागले, याचा तिला फार राग आला.

तो लोकांचं सामान हलवायचा. एक ट्रक, सहा माणसं, आणि अकरा वर्षं दुसऱ्यांची कपाटं दुसऱ्यांच्या जिन्यांतून वर. माणसं त्याला मुकादम म्हणायची. नवी इमारत होतेय म्हटलं की बाकीचे विचारतात दिसते कशी; हा विचारायचा, जिना वळतो कसा.

आता तिची गत सांगायला हवी. ही तिची पहिली इमारत, आणि प्रदर्शनाचा हा चौथा दिवस. तिच्या इमारतीच्या गॅलऱ्या भिंतीतून बाहेर आलेल्या होत्या, एक डावीकडे, तिच्या वरची उजवीकडे, म्हणजे कुणाची सावली कुणाच्या गॅलरीत पडू नये, प्रत्येकाला आपापलं ऊन मिळावं. यात लोकांना मात्र उघडे राहिलेले खण दिसले. पहिल्या दिवशी कुणीतरी 'कपाट' म्हणालं, आणि दुसऱ्या दिवशी अख्खी गल्ली तेच म्हणायला लागली. स्थानिक वर्तमानपत्रानं चित्र छापलं. त्यात प्रत्येक खणातून एकेक मोजा लोंबत होता. लोकांच्या हरकतींची कार्डं फळ्यावर टाचलेली असत. "खण उघडे राहिलेत, जाता जाता ढकला." "किल्ली कुणाकडे आहे?" आणि एक निवृत्त मास्तर रोज सकाळी दहाला येऊन वळणदार अक्षरात एकच वाक्य लिहून जायचे: सरळ भिंत ही सभ्यतेची खूण आहे.

नियम असा होता की प्रत्येक हरकत आर्किटेक्टनं स्वतः वाचायची, तिच्यावर शिक्का मारायचा आणि खाली कारण लिहायचं. शिक्के चार होते: मान्य, अमान्य, अंशतः मान्य, विचाराधीन. चौदाव्या दिवशी सगळ्यांसमोर सुनावणी. गृहनिर्माण विभागाच्या साहेबांकडे सपाट भिंतींचा एक तयार नकाशा होता, क्रमांक सात. लोकांना नकोच असेल तर आपण कशाला हट्ट धरायचा, असं ते तिला अगदी मायेनं म्हणाले होते. नकाशा क्रमांक सातमध्ये गॅलऱ्या नव्हत्या. बाकही नव्हते.

गॅलऱ्या गेल्या असत्या तर ती दोन दिवस रडली असती आणि कामाला लागली असती. बाकांचं तसं नव्हतं. जिन्याच्या प्रत्येक वळणावर, खिडकीखाली, तिनं एकेक लाकडी बाक काढला होता. त्यासाठी तर तिनं ही इमारत काढली होती.

मुकादमानं कार्ड लिहिलं: कपाट वर जात नाही, बाक हलवा. तिनं 'अमान्य'चा शिक्का असा आदळला की टेबलावरची पेनं उडाली.

"बरं," तो शांतपणे म्हणाला. "उद्या पलंग घेऊन येतो."

तो गेल्यावर तिनं मूळ नकाशा उलगडला. बाक धरूनही वळणावर कपाटाच्या रुंदीपेक्षा चार इंच जास्त जागा होती. मग अडेल कसं? तिनं एक काडेपेटी घेतली आणि पाटीला न जुमानता स्वतःच जिन्यात दोन बोटं घातली. काडेपेटी अडली. आता कुठं तिच्या डोक्यात प्रकाश पडला. नकाशा वरून बघतो, आणि वरून बघितलं तर कपाट उभंच असतं. जिन्यात ते उभं नसतं. तिनं शेकडो जिने काढले होते, पण आयुष्यात एकही कपाट उचललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा टेबलाजवळ दोन खुर्च्या होत्या.

"कपाट जिन्यात चालत नाही," त्यानं तिला समजावलं. "कलतं, आणि मान वाकवून वळतं. मान वळवायला जागा लागते त्याला."

"माणसासारखंच."

"माणसं लवकर वळतात. काल मी अमान्य होतो, आज खुर्ची मिळाली."

मग तो रोज एक वाजता येऊ लागला, त्याच्या जेवणाच्या सुट्टीत. खिशातून एकेक चीज निघायची: फ्रिज, शिवणयंत्र, सहा माणसांचं जेवणाचं टेबल. टेबलाचे पाय निघतात, हेही तो कौतुकानं काढून दाखवायचा. ती त्याला छेद, म्हणजे उभी कापलेली इमारत, कागदावर कसा काढतात ते शिकवायची, आणि शिकवताना त्याचं लक्ष कागदावर नसून आपल्या कानामागे खोचलेल्या पेन्सिलीवर आहे हे तिला न बघता कळायचं. एक वाजायला दहा मिनिटं असताना ती खिडकीच्या काचेत केस नीट करायची. मग स्वतःवरच चिडून परत विस्कटायची.

सहाव्या दिवशी त्याचं कार्ड आलं: आर्किटेक्ट दिवसभर हॉलमध्येच बसतात, कुणाबरोबर चहाला बाहेर पडत नाहीत, याला माझी हरकत आहे. तिनं चारही शिक्के समोर मांडले, बराच विचार केल्यासारखं दाखवलं, आणि 'विचाराधीन' मारला. तो शिक्का त्यानं एवढ्या प्रेमानं वाचला की तिचे कान तापले.

नवव्या दिवशी त्यानं ते विचारलं. आतापर्यंत सगळ्यांनी 'बाक कशासाठी' असं विचारलं होतं.

"हा बाक कुणासाठी आहे?" तो म्हणाला.

तिनं कानामागची पेन्सिल काढून टेबलावर ठेवली. मग तिनं सांगितलं. तिची आई चौथ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही, गुडघे गेलेत. भाजी घेऊन येताना ती दर वळणावर पायरीवर बसते, मांडीवर पिशवी घेऊन. आणि खालून किंवा वरून कुणी आलं की उठते, भिंतीला चिकटते, 'या, या' म्हणते, आणि ते गेले की परत बसते. एका जिन्यात सात-आठ वेळा. जणू दुसऱ्याची जागा अडवून बसल्यासारखी.

तो ठोकळ्यावरून अंगठा फिरवत राहिला.

"अशा आया मला रोज भेटतात," तो शेवटी म्हणाला. "आम्ही खालून ओरडतो, मावशी, उठा, सामान येतंय. त्या उठतात... मी कधी त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही." मग त्यानं ठोकळा टेबलावर ठेवला. "बाक काढायचा नाही. पण कपाट आलं तरी तुमच्या आईला उठावं लागता कामा नये. तेवढं जमवा."

"जागा कुठून आणू?"

"घरांना एवढे खण दिलेत. जिन्याला एकेक द्या की."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. वळणावरची खिडकी दीड फूट बाहेर ढकलायची. बाक त्या खणात आत सरकेल आणि वळण पूर्ण मोकळं होईल. इतकं सोपं होतं, आणि तिच्या इमारतीला कपाट म्हणून हिणवणाऱ्या लोकांनी ते नऊ दिवसांत चारशे वेळा सांगितलं होतं.

"म्हणजे आणखी चार खण," ती पुटपुटली. "लोक मला फाडून खातील."

"खातील. पण बसून खातील."

ती खळखळून हसली, किती तरी दिवसांनी. मग तिनं त्याचं पहिलं कार्ड फळ्यावरून काढलं, 'अमान्य'वर काट मारली आणि खाली 'मान्य'चा शिक्का उठवला.

"आणि चहा?"

"विचाराधीन."

चौदाव्या दिवशी हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. साहेबांच्या कोपराजवळ नकाशा क्रमांक सातची गुंडाळी होती. आलेल्या दोनशे बारा हरकतींपैकी बहुतेक सगळ्या खणांवर आणि बाकांवर आहेत, असं त्यांनी वाचून दाखवलं. मग तिनं नव्या प्रतिकृतीवरचं कापड काढलं, आणि चार वाढीव खण बघून हॉलभर हशा पिकला. मास्तर उभे राहिले. खण मिटा म्हणून आपण चौदा वेळा लिहिलं आणि मॅडमनी ते वाढवले, असं त्यांनी सभेच्या निदर्शनास आणलं.

तिचं पाठ केलेलं सगळं भाषण कुठल्या कुठे गेलं.

"बाहेर चला," ती एवढंच म्हणाली.

बाहेर आवारात मुकादमाच्या माणसांनी सकाळपासून तिचा जिना उभा केला होता, खऱ्या मापाचा. भिंतींच्या जागी जुन्या खोक्यांच्या फळ्या, पायऱ्यांच्या जागी ट्रकवर सामान चढवायच्या उतरत्या फळ्या, मधे वळण, आणि बाहेर काढलेल्या खणात एक खराखुरा बाक. बाकावर तीच बसणार होती, तसं ठरलं होतं. पण ट्रक आला आणि पुढच्या सीटवरून तिची आई उतरली, भाजीची पिशवी सांभाळत. हा बेत एकट्या मुकादमाचा होता. आई कुणाकडे न बघता गेली आणि बाकावर बसली.

सहा माणसांनी सात फुटी कपाट उचललं. ते वर येऊ लागलं तशी आई सवयीनं उठायला लागली.

"मावशी, बसून राहा," मुकादम म्हणाला. "आम्ही जातो बाजूनं."

आई बसली. कपाट वळणावर आलं, कललं, मान वाकवली. आवारात कुणी खोकलंसुद्धा नाही. आईच्या गुडघ्यांपासून वीतभर अंतरावरून ते सावकाश वळलं आणि वर निघून गेलं. आईनं पिशवी मांडीवर नीट केली आणि लेकीकडे पाहिलं. ते बघणं बघून तिला वाटलं, आता साहेबांनी काहीही ठरवावं, आपण जिंकलो.

पहिले हलले ते मास्तर. फळ्या चढून गेले, आईला जरा सरकायला सांगून बाकावर टेकले, आणि साहेबांच्याच थाटात म्हणाले, "पुन्हा आणा ते कपाट."

कपाट पुन्हा आलं. मग तिसऱ्यांदा आलं, चौथ्यांदा आलं; बाकावर बसून बघायला रांग लागली, आणि मुकादमाची माणसं घामाघूम होऊन हसायला लागली. मास्तरांनी आपली चौदाही कार्डं फळ्यावरून मोजून परत घेतली. साहेबांनी तिथंच हात वर करायला सांगितले, आणि एवढे हात वर गेले की त्यांनी अर्ध्यातच मोजणी सोडून नकाशा क्रमांक सात काखेत मारला. इमारतीचं नाव मात्र 'कपाट'च ठेवा, असं गर्दीतून कुणीतरी सुचवलं. तिनं ते जागच्या जागी मान्य केलं.

सगळे पांगल्यावर ती हॉलमध्ये शिक्के आवरायला आली. प्रतिकृतीच्या तिसऱ्या वळणावर, एवढ्याशा बाकावर, एक घडी घातलेलं कार्ड कुणीतरी दोन बोटांनी अलगद ठेवलेलं होतं.

हरकत क्रमांक दोनशे तेरा. बाकावर दोन माणसांची जागा आहे. आर्किटेक्टनी यापुढे एकटं बसू नये. माझा त्यांच्यावर जीव जडला आहे.

तो दारात दोर गुंडाळत उभा होता. दोर केव्हाच गुंडाळून झाला होता.

"मुदत दुपारी संपली," ती म्हणाली. "आता लेखी उत्तर देता येत नाही."

"मग तोंडी द्या."

ती त्याच्याजवळ गेली. त्याचा उजवा हात धरून तळवा वर केला. घट्टे पडलेला, दोरानं लाल झालेला. शाईत शिक्का टेकवला आणि त्या तळव्याच्या मधोमध हळूच दाबला. निळी अक्षरं उठली: मान्य.

"आणि चहा?" त्यानं विचारलं.

"तोही. आत्ताच."

बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला. आई पुढच्या सीटवर जाऊन बसली होती आणि या दोघांची वाट बघून कंटाळली होती.

"पुढे तिघं मावतात का?" तिनं त्याला विचारलं.

"मावतात," तो म्हणाला. "नवव्या दिवशीच मोजून ठेवलंय."