शाल्मलीचा पहिला दात

सलाइनच्या नळीमुळे शाल्मलीच्या मांडीच्या शिरेत झालेली बोराएवढी गुठळी सोनोग्राफीत आता औषधालाही उरली नव्हती. सहा वर्षांच्या मुलीला रोजच्या सुयांपासून सोडवल्याचा डॉ. हेमलता तांबवेकरांना थोडा तोराच चढला होता. गुठळीभेदक कण रक्तात एकदाच सोडले, की सात वर्षांची निश्चिंती.

"मॅडम, ते राहू दे," शाल्मलीची आई म्हणाली. "सकाळी हिचा दात पडलाय. दुपार झाली तरी रक्त थांबंना."

शाल्मलीच्या एका मुठीत दात होता, दुसऱ्या हातात चौथा रुमाल. हिमोग्लोबिन साडेसातवर आलं होतं.

कण ज्यांनी घडवले ते मुजावर प्रयोगशाळेतून धावत आले.

"कण बिघडलेत?" डॉक्टरांनी विचारलं.

"बिघडले असते तर बरं झालं असतं! गुठळी दिसली, की कण आधी आजूबाजूला बघतात. फाटलेल्या पेशी जखमेचा इशारा सोडतात. इशारा असेल तर गुठळी कामाची, हात लावायचा नाही. नसेल तर विरघळवायची."

"मग? दात पडला, ही जखमच की."

"दुधाच्या दाताचं मूळ शरीर स्वतःच झिजवतं, मॅडम. दात तुटत नाही, सोडून दिला जातो. इशारा नाही. गुठळी धरते, कण ती विरघळवतात."

"पण अकराशे जणांवर चाचण्या झाल्या होत्या!"

"अकराशे प्रौढांवर. त्यांच्यात कुणाचा दुधाचा दात पडणार होता?"

मूल म्हणजे मोठ्या माणसाची छोटी प्रत नव्हे, असं डॉक्टर दर वर्षी विद्यार्थ्यांना बजावत. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

कण काढता येत नव्हते. रक्त गोठवणारं औषध द्यावं, तर मांडीच्या शिरेत पुन्हा गुठळी होण्याची भीती. डॉक्टरांनी ट्रेमधली सुई उचलली.

"तुम्ही म्हणाला होता, आता सुई नाही," शाल्मली म्हणाली.

"म्हणाले होते."

त्यांनी हिरडीवर चार ओरखडे काढले. पोर किंचाळली. आईने तोंड फिरवलं. शरीराला जखम कळली, कणांना इशारा कळला, आणि सहाव्या मिनिटाला रक्त थांबलं.

हुंदके ओसरल्यावर शाल्मलीने दातांवरून जीभ फिरवली.

"बाकीचे पडतील तेव्हापण असंच?"

डॉ. तांबवेकरांना पुन्हा खोटं ठरायचं नव्हतं.

"हो," त्या म्हणाल्या. "अजून एकोणीस वेळा."