तळघरातली कपची

"विजेच्या वाटेतला शेवटचा अडथळा आज या ऐतिहासिक सभागृहात गळून पडत आहे," अतिवाहक तंत्रज्ञान परिषदेच्या सचिवांनी जाहीर केलं, आणि माइक बंद पडला.

महाविद्यालय दीडशे वर्षांचं होतं. वायरिंगही साधारण तेव्हाचंच असावं. सचिव टेबलामागून पुढे येऊन ओरडून बोलू लागले. अंगात सूट, गळ्यात टाय, पायात रबरी सपाता. बूट बेसिनपाशी भिजले, असं त्यांनी कुणी न विचारताच सांगितलं.

शेवटच्या रांगेत मामा पेंगत होते. निवृत्त पोलीस निरीक्षक. भाची आज शोधनिबंध वाचणार म्हणून आलेले. अतिवाहकातून वीज विनाअडथळा वाहते, हे भाचीने त्यांना तीनदा समजावलं होतं. त्यांनी तिन्ही वेळा मान डोलावली होती.

अचानक खालून किंकाळी आली. भाचीची.

आपल्या मार्गदर्शक सरांना बोलवायला ती तळघरातल्या प्रयोगशाळेत गेली होती. मामा धावत खाली पोचले तेव्हा ती दाराची चौकट धरून उभी होती. आत तिचे सर पालथे पडलेले, ओठ निळे. मामांनी श्वास रोखून त्यांना पाय धरून बाहेर ओढलं. तेवढ्यानेच त्यांच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. महाविद्यालयाचे डॉक्टर धावले. सरांचा श्वास चालू होता, शुद्ध नव्हती.

"आत हवाच नाही, मामा," भाची म्हणाली.

दाराजवळचं द्रव नायट्रोजनचं पिंप रिकामं होतं. हा द्रव उकळून उडून जातो आणि खोलीतली हवा हुसकून लावतो, तिने सांगितलं. ना वास, ना ओल. कुणीतरी तो ओतून बाहेरून कडी घातली होती; ती काढूनच भाचीने दार उघडलं होतं. यंत्रात डोकं घातलं की सर मागे बँड वाजला तरी वळत नसत.

प्राचार्यांचं मत झटपट तयार झालं. सरांसोबत शेवटची भाचीच होती. पोलिसांना फोन गेला. सर दगावले, तर तिच्यावर खुनाचाच आरोप येणार होता.

"आधी सरांना सोडून तू वर का आलीस?" मामांनी भाचीला विचारलं.

"सचिवांचा निरोप आला. माझी फाईल उघडत नाही म्हणून."

"मग?"

"उघडत होती."

"सर आज काय बोलणार होते?"

ती घुटमळली. "सचिवांच्या शोधातले आकडे बनावट आहेत, असं."

दारं-खिडक्या उघडून बराच वेळ गेल्यावर मामा पुन्हा खाली उतरले. पाय तयार नव्हते. त्यांना समजावत न्यावं लागलं. उंबऱ्याशी एक काळी कपची पडली होती. रबराची. बोटांनी सहज वाकत होती, पण कड मात्र काच तडकावी तशी. मामांनी भाचीला एक प्रश्न विचारला, उत्तर ऐकलं आणि सभागृह गाठलं. पोलीस पोचले होते.

"सचिवसाहेब, भिजलेले बूट दाखवता?"

"बॅगेत आहेत. कशाला?"

हवालदाराने बॅग उघडली. बूट कोरडे ठणठणीत. उजव्या टाचेचा कोपरा उडालेला. मामांनी कपची लावली. चपखल बसली.

"या द्रवात रबर गोठतं आणि काचेसारखं फुटतं," मामा म्हणाले. "पिंप ओतलंत, द्रव पायाखाली आला, पळताना टाच उंबऱ्यावर आपटली. भाची सांगते, शाळेतल्या मुलांपुढे तुम्ही वर्षानुवर्षं रबरी चेंडू असाच फोडून दाखवता. चेंडू लक्षात राहिला, टाच राहून गेली."

सचिवांचा चेहरा पांढरा पडला. "मला फक्त त्यांचं भाषण थांबवायचं होतं."

"त्याला इथला माइक पुरेसा होता," मामा म्हणाले.

सचिवांना नेलं. डॉक्टरांनी येऊन सांगितलं, सरांनी डोळे उघडलेत. भाची मटकन खाली बसली आणि मगच रडली.

प्राचार्य मामांजवळ आले. घसा खाकरला, मान खाली घातली. पोरीवरच्या संशयाबद्दल माफी मागताहेत, असं मामांना वाटलं.

"एक विनंती होती," प्राचार्य हळूच म्हणाले. "आभारप्रदर्शन सचिवच करणार होते. तुम्ही कराल का? दोनच मिनिटं."