तेवीस नंबरची वायर

यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही. मी विज्ञान शिकलेली बाई. जे मोजता येत नाही, ते सांगताना माझीच जीभ अडखळते.

रविवार होता. दुपारचे साडेतीन. घराला लागून असलेलं आमचं गॅरेज.

दादाला जाऊन तेव्हा दीड महिना झाला होता.

तो गेला त्याआधी त्याच्या गाडीच्या इंजिनचा कॉम्प्युटर जळला होता. दुसऱ्या मॉडेलचा मिळाला, पण गाडीचा प्लग त्याला बसेना. म्हणून आम्ही दोघांनी घरीच मधला जोड बनवला. चाळीस वायरी. एका टोकाला जुन्या मापाचा प्लग, दुसऱ्याला नव्या मापाचा.

तपासायची आमची पद्धत ठरलेली. दादा नंबर पुकारायचा. मी मल्टीमीटरच्या सुया वायरीच्या दोन्ही टोकांना लावायचे. मीटर वाजला की म्हणायचं, "आहे."

"शास्त्रीणबाई, वाजल्याशिवाय 'आहे' म्हणायचं नाही हं!" तो चिडवायचा.

तेवीस नंबरला मी सोल्डरचा डाख दिला नव्हता. नुसता पीळ देऊन टेप गुंडाळली. तेव्हा वाजली होती. त्याला घाई होती... उद्या करू, म्हटलं.

त्याच संध्याकाळी पुलावर गाडी अचानक बंद पडली. मागून ट्रक येत होता.

टेपचं मी कुणालाच बोलले नाही.

"उद्या मेकॅनिक येऊन तो जोड तपासणार आहे," बाबा म्हणाले. "माझं पोरगं कशानं गेलं ते एकदा कळू दे. मग मी मोकळा."

म्हणून त्या दुपारी मी एकटीच, मोडक्या गाडीतून काढून आणलेला जोड घेऊन बसले. एक ते बावीस वाजल्या.

तेवीस...

शांत.

टेप सोडली. आतला पीळ सुटला होता.

मी डाख दिला. हो, पुरावा पुसत होते मी.

पुन्हा सुया लावल्या.

शांत.

अख्खी वायर बदलली. त्याच रंगाची, नवी, अखंड.

शांत...

सुया एकमेकींना टेकवल्या. मीटर वाजला. चोविसावी वाजली. चाळिसावी वाजली.

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून बाबांचा आवाज आला.

"अगं, उत्तर दे की त्याला! कधीचा तेवीस, तेवीस करतोय..."

मी तोंडातून चकार शब्द काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकने स्वतःच्या मीटरने तपासलं. चाळीसच्या चाळीस वाजल्या.

तेवीससुद्धा.

"ताई, काम एक नंबर आहे. दोष तुमच्या जोडाचा नाही."

"मग कशानं गेला तो?" बाबांनी विचारलं. मेकॅनिक हत्यारं आवरू लागला. बाबा खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. तेव्हापासून अंथरुणातून उठलेले नाहीत.

मी सांगू शकले असते. नाही सांगितलं.

जोड अजून गॅरेजमधल्या माझ्या टेबलावर आहे. तीन मीटर बदलले. माझ्या हातात तेवीस वाजत नाही.

आणि रोज साडेतीनला भिंतीपलीकडून बाबा म्हणतात... "अगं, विचारतोय तो."

एकच शब्द म्हणायचा असतो. पण वाजल्याशिवाय तो म्हणायचा नाही, हे त्यानंच शिकवलंय.