दारामागची बादलीभर जागा

मेणबत्ती जरा लांब ठेवा रे, डोळ्यांत येते. वीज काही आता लवकर यायची नाही. तर ऐका. ही गोष्ट पुस्तकातली नव्हे, आपल्या समोरच्या बिऱ्हाडातल्या मिस्त्रींवर गुदरलेली आहे. त्यांच्याकडे रात्री-अपरात्री कोण येतं-जातं ते या काकाच्या खिडकीतून दिसतं. आता दिसतं त्याला काका तरी काय करणार?

मागच्या जानेवारीतला शेवटचा शनिवार. रात्रीचे साडेदहा. मिस्त्री नुकतेच आडवे झाले होते, तेवढ्यात फोन आला. बाजारापलीकडच्या ऑफिसच्या इमारतीचा मॅनेजर. तिसऱ्या मजल्यावरचं, जिन्याकडचं दार पुन्हा भिंतीवर आपटलं होतं. कडीने गिलाव्याला भलामोठा खड्डा पाडलेला. भिंतीला कान असतात म्हणतात, हिला तर तोंडच फुटलं होतं.

"सकाळी सामान यायचंय. आत्ताच्या आत्ता दार अडवायला फरशीत स्टॉपर बसवा. आणि भिंतीला लागून बसवा, दार पुरतं उघडलं पाहिजे, ट्रॉली अडकता कामा नये. जमत नसेल तर तसं सांगा, दुसरा माणूस तयार आहे."

त्या इमारतीची दारं म्हणजे मिस्त्रींचं पोट. या वयात नवं काम कोण देणार? उठले बिचारे.

"आधी स्वतःचे गुडघे सांभाळा," त्यांची बायको करवादली.

"गुडघे कुरकुरून गप्प बसतात गं. मॅनेजर बसत नाही."

आता त्या दाराचं सांगतो. दार आणि भिंत यांच्यामध्ये एक कोपरा होता. तिथे झाडू-पोछा करणारी मावशी बादली पालथी घालून घटकाभर टेकायची. म्हणून मिस्त्रींनी पहिला स्टॉपर मुद्दाम अलीकडे बसवला होता, बादलीभर जागा सोडून. मिस्त्रींना स्क्रू साबणावर घासून मग पिळायची सवय, त्याने ते लोण्यासारखे आत जातात. मावशी त्यांच्यासाठी साबणाच्या चिपा जपून ठेवायची. म्हणायची, "घ्या दादा, घाला तुमच्या स्क्रूंना आंघोळ!"

पुढे मॅनेजरने ट्रॉलीसाठी तो स्टॉपर काढायला लावला. मिस्त्री नको नको म्हणत होते, पण ऐकतो कोण? आठवड्याच्या आत कुणीतरी घाईत ट्रॉली दारावर घातली. दार धाडकन उघडलं. मागे मावशी बसलेली...

दवाखान्यात दोन दिवस काढले तिने, तिसऱ्या दिवशी गेली. ऑफिसात म्हणाले, तिथे बसायचंच कशाला?

असो. त्या रात्री वॉचमनने मिस्त्रींना वर सोडलं आणि तो खाली जाऊन बसला. मिस्त्रींनी ड्रिलने फरशीला भोकं पाडली, त्यांत स्क्रू धरायला लाकडी गिट्ट्या ठोकल्या, स्टॉपर सांगितला होता तिथेच बसवला. भिंतीला लागून. त्यांचं मन मानत नव्हतं. पण अंग इतकं आंबलं होतं की मनाशी भांडायलाही जोर उरला नव्हता.

मग दार ढकलून पाहिलं.

दार अर्ध्यावर थांबलं.

आपटलं नाही. कशाला तरी मऊ टेकलं, आणि थांबलं. मिस्त्रींनी मागे डोकावून पाहिलं. कोपरा रिकामा. स्टॉपर अजून हातभर लांब.

पुन्हा ढकललं, जरा जोर लावून. पुन्हा तिथेच...

आणि वास आला. ओल्या साबणाचा.

मिस्त्रींनी हात काढून घेतला. दारामागून कुणीतरी उसासा सोडला. घाबरवायला नाही हो. दिवसभर राबून पाठ टेकताना सुटतो ना, तसला.

"मावशी...?"



दुसरा कुणी असता तर चपला टाकून पळाला असता. मिस्त्रींच्या पायांत पळायचं त्राणच नव्हतं. ते दाराच्या अलीकडे तिथेच फरशीवर बसले. अलीकडे एक दमलेला जीव. पलीकडे...

"झालं का हो मिस्त्री?" खालून वॉचमन ओरडला.

"झालं," ते म्हणाले. ड्रिलची पिशवी उचलली, घरी आले, पिशवी खाटेखाली सारली. काकाने पाहिलं ना, तोंड पांढरंफटक.

सकाळी मॅनेजरने बोलावलं. मिस्त्री गेले, मनात म्हणाले, सुटलं काम.

मॅनेजर दाराशी उभा. "भिंतीला लागून सांगितलं होतं ना मी? इथे का बसवलात?"

स्टॉपर अलीकडे होता. बादलीभर जागा सोडून. स्क्रू घट्ट पिळलेले. वॉचमन शपथेवर सांगत होता, तुमच्यामागून वर कुणी गेलं नाही, ड्रिलचा आवाज नाही. आणि ड्रिल तर खाटेखाली होतं.

"काढा तो."

"नाही साहेब," मिस्त्री म्हणाले. "दुसरा माणूस बोलवा. माझ्या हातून हा निघायचा नाही."

मॅनेजर तणतणत स्वतःच वाकला. भिंतीलगतच्या कालच्या भोकांकडे नजर गेली, आणि तसाच राहिला. मग उठला. ट्रॉली आडवी करून न्या, म्हणाला हमालांना. दुसरा माणूस काही आला नाही. दारं अजून मिस्त्रींकडेच आहेत.

ती भोकं, पोरांनो, बुजवलेली होती. साबणाने. अंगठ्याने दाबून, वर अंगठ्याची रेघ न् रेघ उमटलेली.

ती फरशी रोज ओल्या फडक्याने पुसतात. साबण विरघळत नाही.

आणि... अजून वाळलेला नाही.