हॅम्बुर्गला संध्याकाळ चार वाजता होते

भाद्रपदातल्या उकाड्यात जाड लोकरीचा कोट घालून एक तरुण धनीराम शिंप्याच्या दुकानात आरशापुढे उभा होता. घाम त्याच्या कानामागून थेट कॉलरमध्ये उतरत होता. ब्लाउज न्यायला आलेल्या सत्यभामेला हसू आवरलं नाही.

“कायले हासून राहिल्या?” त्यानं आरशातूनच विचारलं.

“कोट पाहून. कुठं निघाले?”

उत्तर धनीरामनं दिलं. “जर्मनीले. हॅम्बुर्गले. अन् इश्वरभाऊ, ह्या सिस्टर दोन वर्षं तिथंच होत्या, दवाखान्यात.”

तरुण गर्रकन वळला. आता मध्ये आरसा नव्हता.

इश्वर मूळचा एकोडीचा. तुमसरच्या एका राइस मिलमध्ये मशिनी सांभाळायचा. मालकानं नवी जर्मन मशीन घ्यायचं ठरवलं होतं आणि ती शिकायला त्याला तीन महिने पाठवत होता. सत्यभामा गेल्याच वर्षी परत आली होती आणि आता भंडाऱ्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स होती.

“थंडीची भीती नाही,” इश्वर म्हणाला, “रात्रीची हाये. आईनं शपथ घातली. सूर्य बुडाला का खोलीबाहेर पाय टाकाचा नाही.”

“नोव्हेंबरात तिथं सूर्य चार वाजता बुडतो,” सत्यभामा म्हणाली. “मग चारपासून खोलीत बसून भिंत पाहाल?”

पुढचे तीन गुरुवार तो एस.टी.नं भंडाऱ्याला आला. दवाखान्यासमोरच्या हॉटेलात चहा घेत ती त्याला तिथल्या रात्रींबद्दल समजावून सांगायची, रोग्याला गोळ्या सांगाव्यात तशी. बाहेर पडण्याआधी परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ पाहायची. खोलीचा पत्ता खिशात ठेवायचा, पासपोर्ट खोलीतच. आपला ग्लास टेबलावर सोडून उठायचं नाही. आणि मग, हे सगळं पाळून, मनसोक्त फिरायचं. गावाच्या मधोमध मोठा तलाव आहे, रात्री त्यात दिव्यांच्या रांगा हलतात. बंदरावर जहाजांचे भोंगे वाजतात. नाचघरात म्हातारे नवरा-बायकोही नाचतात.

“अन् बंदराजवळच्या गल्लीत दारातला माणूस हात धरून आत बोलावतो. तिथं जायचं नाही.”

“हात धरला तर…?”

“सोडवून घ्यायचा.”

इश्वरची बोटं तिच्या कपबशीपाशी येऊन थांबली. “अन् सोडवावासाच नाही वाटला तर—?”

“तर चहा थंड होतो,” ती म्हणाली. “प्या.”

तिचे कान मात्र तापले होते.

तिसऱ्या गुरुवारी त्यानं विचारलं, “तुम्ही एकट्याच फिरत होत्या?”

“हो. आधी भीत भीत, मग आवडीनं. नाचलेसुद्धा. पाहायला आलेल्या दोन्ही घरांना मी हे सांगितलं. दोन्ही घरं उठून गेली.” तिनं हे कोरडेपणानं सांगितलं आणि त्याच्याकडे पाहिलं.

इश्वर काहीच बोलला नाही. थोड्या वेळानं तो एस.टी. पकडायला उठला. तिसरं घर, सत्यभामेनं मनाशी म्हटलं आणि ड्यूटीवर गेली. त्या दिवशी तिनं एकाच रोग्याचा ताप दोनदा पाहिला.

दीड महिना काही कळलं नाही. मग हॅम्बुर्गहून एक पत्र आलं. ‘सत्यभामाजी’ असं लिहून पुढे त्यानं रविवारच्या पहाटेचा मासळीबाजार वर्णिला होता. रात्रभर नाचलेले लोक तिथं पावात मासा घालून खातात, हे लिहायला त्यानं पानभर जागा घेतली होती. मनातलं काही नव्हतं. सत्यभामेनं ते पत्र चारदा वाचलं… उत्तर लिहिलं नाही.

जानेवारीत तिची ड्यूटी सुटली तेव्हा तो दवाखान्याच्या फाटकाशी उभा होता. थोडा गोरा झाला होता, थोडा वाळला होता.

“त्या दिवशी मी काही बोललो नाही,” तो म्हणाला.

“आठवतं.”

“न पाहता बोललो असतो तं ते तुमचं मन राखणं झालं असतं. म्हणून पयले पाहून आलो.” तो अडखळला. “तलाव, दिवे, नाचघर… सगळं तुम्ही सांगितलं तसंच होतं. तुम्ही तेवढ्या तिथं नोहत्या.”

सायकलरिक्षा, माणसं, शेळ्या, सगळे बाजूनं जात होते. सत्यभामा जागची हलली नाही.

“तुमच्या आईला कळलं तर?”

“मीच सांगितलं. ती म्हणे, पोरगी रात्री एकटी फिरे? म्या म्हटलं, मीबी फिरलो, तुझी शपथ मोडून. हाकलाचं असंल तं पयले मले हाकल.”

“मग?”

“दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी इचारलं, तिले धानाची रोवणी येते का?”

सत्यभामा हसली. बऱ्याच दिवसांनी, आवाज करून हसली.

“नाही येत,” ती म्हणाली. “तसंच सांगा त्यांना.”

“सांगतो.” तो तिच्याकडे पाहत राहिला. “अन् मले काय सांगता…?”

तिनं पर्स एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतली.

“रविवारी सुटी आहे मला,” ती म्हणाली. “बाबाही घरीच असतात. आईंना घेऊन या.”