रावसाहेबांचा लंगडा पाय

“पाणमांजराच्या पिल्लाला मीच शिकवणार,” असं घारीने घरून निघतानाच जाहीर करून टाकलं होतं. धाकट्या भावाने, गुंड्याने, मान डोलावली. तायडीशी वाद घालणं त्याने केव्हाच सोडून दिलं होतं.

घारीची मावशी जखमी आणि टाकून दिलेल्या प्राण्यांच्या केंद्रात प्रशिक्षक होती. तिथे प्राण्याला दोरीने ओढायचं नाही, धपाटा घालायचा नाही, हा तिचा कडक नियम. प्राण्याने हवं ते केलं, की त्याच क्षणी जिभेने ‘टक्’ असा आवाज काढायचा आणि लगेच खाऊ द्यायचा. नको ते केलं, तर सरळ दुसरीकडे बघायचं. एवढ्या भांडवलावर तिने शेळ्यांना वजनकाट्यावर उभं राहायला शिकवलं होतं आणि माकडांना इंजेक्शनसाठी दंड पुढे करायला. सुट्टी लागली की घारी तिच्या मागे सावलीसारखी फिरायची. मावशी म्हणजे आपली एकटीची, याबद्दल तिच्या मनात कधी शंकाच आली नव्हती.

या सुट्टीत घारी आली, तर मामाने आपल्या मुलीलाही धाडलं होतं. तोंडाची टकळी कधी थांबत नाही म्हणून तिला सगळे साळुंकी म्हणायचे. घारीच्याच वयाची. मावशी तिची आत्या लागत असल्यामुळे सकाळपासून “आत्या, हे बघ! आत्या, ते बघ!” असा नुसता जप चालायचा, आणि प्रत्येक ‘आत्या’ घारीच्या कानात खड्यासारखा टोचायचा.

त्यात पाणमांजराचं ते पिल्लू, बुडबुड, घारीकडे ढुंकूनही बघेना. घारीचा ‘टक्’ नेहमी उशिरा पडायचा. पिल्लू काट्यावर चढायचं, उतरायचं, आणि मग हिचा ‘टक्’! त्यामुळे ते उतरायलाच शिकलं. साळुंकीचा ‘टक्’ मात्र पाऊल टेकताक्षणी वाजायचा. मावशीने खूश होऊन पिल्लू साळुंकीच्या हवाली केलं आणि घारीला सांगितलं, “तू रावसाहेबांना बघ. त्यांच्याकडे हल्ली कुणाला वेळच नसतो.”

रावसाहेब म्हणजे केंद्रातलं सगळ्यात जुनं गाढव. मुद्रा इतकी गंभीर, की त्यांना ‘अरे-तुरे’ करायला कुणाची जीभच रेटत नसे. खूर घासायची वेळ झाली की ते आपणहून लाकडी ठोकळ्यावर पाय ठेवायचे. पण मध्यंतरी त्यांच्या खुरात खडा रुतला. खडा निघाला, जखम भरली, तरी लंगडणं थांबेना.

“म्हणजे तिला पिल्लू आणि मला लंगडं गाढव,” घारी रावसाहेबांची पाठ खराखरा घासत म्हणाली.

“पिल्लू चावतं,” गुंड्याने समजूत घातली. घारीला ते पटलं नाही.

चार-पाच दिवसांनी एका दुपारी प्राण्यांचे डॉक्टर आले. त्यांना आणखी तीन ठिकाणी जायचं होतं. त्यांनी कुंपणापलीकडूनच पाहिलं आणि निदान केलं, की म्हातारपणाने सांधे गेले, दुखणं आता दुसऱ्या पायातही उतरलंय. व्यवस्थापक म्हणाले, ज्याला उभं राहवत नाही त्याला इथे ठेवता येणार नाही. दूरच्या एका निवाऱ्यात जागा आहे, शनिवारी ट्रक येईल. राखणदार काका डोळे पुसत गाजर घेऊन आले. मावशीने रावसाहेबांच्या गळ्यात हात टाकले.

 इतके दिवस नाक मुरडत का होईना, घारी ज्याची पाठ घासत होती, तो एकमेव प्राणी तिची वाट बघत असायचा. आता तोही जाणार होता.

संध्याकाळी मावशी साळुंकीला घेऊन तळ्यावर निघाली. खिदळणं ऐकून घारीचा नुसता जळफळाट झाला. ती पलंगावर आडवी झाली आणि डोकं दुखतंय म्हणून कण्हायला लागली. दुखत बिखत काही नव्हतं. पण मावशी पायरीवरून परत फिरली, उशाशी बसली, कपाळ चेपू लागली. साळुंकी एकटीच तळ्यावर गेली. घारीला इतकं बरं वाटलं, की उद्याही डोकं दुखवावं असं तिने ठरवूनही टाकलं.

आणि तिथेच ती ताडकन उठून बसली.

“मावशी, खडा रावसाहेबांच्या डाव्या पायात होता ना? आज त्यांनी उजवा उचलला होता. खड्याचा पाय तर ते खुशाल आपटत होते.”

मावशी म्हणाली, डॉक्टरांनी सांगितलंय ना, दुखणं दुसऱ्या पायात गेलंय. आणि तिला झोपायला लावून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घारी आणि गुंड्या चाऱ्याच्या गंजीमागे दबा धरून बसले. अंगणात चिटपाखरू नव्हतं. रावसाहेब उठले, आळस दिला, आणि चारही पायांवर झोकात चालत पाण्यापर्यंत गेले. येताना एक लाथही झाडली. इतक्यात राखणदार काकांची बादली वाजली. झालं! रावसाहेबांनी लगबगीने पाय वर उचलला आणि असा काही चेहरा केला, की गुंड्याला तोंडात सदरा कोंबावा लागला.

काकांना सांगितलं तर ते रागावले. मुक्या जनावरावर ढोंगाचा आळ घेतेस, म्हणाले. सिद्ध करून दाखवण्यावाचून गत्यंतर नव्हतं. त्यासाठी रावसाहेबांनी नीट पाऊल टेकलं, की नेमक्या क्षणी ‘टक्’ वाजायला हवा होता. घारीला तो जमत नव्हता. जमत होता तो फक्त एकीला.

घारीने गोठ्याला दोन फेऱ्या मारल्या, चार वेळा माघार घेतली, आणि शेवटी औषध गिळावं तशी साळुंकीसमोर जाऊन उभी राहिली. “तुझा टक् माझ्यापेक्षा चांगला आहे. मला मदत कर.”

साळुंकी चक्क गप्प झाली. मग म्हणाली, “मला वाटलं, तू माझ्याशी बोलणारच नाहीस. आत्या दिवसभर तुझंच सांगत असते. घारीने हे केलं, घारीने ते ओळखलं. मला वीट आला होता तुझा.”

घारीने हे मनात दोनदा घोळवलं. बरं वाटलं, पण पुरतं नाही.

शनिवारपर्यंत तिघांनी धडे दिले. रावसाहेब लंगडले, की तिघांची पाठ. सरळ चालले, की ‘टक्’ आणि गाजर. शुक्रवारी ते चांगले कुंपणापर्यंत ताठ चालत आले.

पण शनिवारी ट्रकसोबत डॉक्टर आले, व्यवस्थापक आले, सगळे कामगार निरोपाला जमले. इतके प्रेक्षक रावसाहेबांना जन्मात मिळाले नव्हते. त्यांनी पाय उचलला आणि हुंदका दिल्यासारखा आवाज काढला. “अरेरे, बिचारा,” म्हणत व्यवस्थापक कुरवाळायला पुढे झाले.

“हात लावू नका!” घारी ओरडली. “सगळ्यांनी पाठ फिरवा. मावशी, तूही!”

“मग मी तपासू कसं?” डॉक्टर वैतागले.

“समोर ऑफिसची खिडकी आहे. तिच्या काचेत बघा.”

मावशी आधी वळली. मग कुरकुरत बाकीचे. मोठी मोठी माणसं गाढवाकडे पाठ आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. ट्रकवाला हसू दाबत होता.  मागे काही हलेना.

मग खूर वाजले. काचेत रावसाहेबांची मान डावीकडे झाली, उजवीकडे झाली. एवढं दुखतंय आणि कुणी विचारत नाही म्हणजे काय! त्यांनी पाय टेकला. एक पाऊल. दुसरं.

“टक्!” साळुंकीचा आवाज नेमका पडला, घारी गर्रकन वळली आणि गाजर पुढे केलं. रावसाहेब चारही पाय टेकत आले आणि गाजर कचाकचा चावू लागले.

डॉक्टर आता कुंपणाच्या आत आले. त्यांनी चारही पाय दाबून, वाकवून पाहिले. “सांध्यांना काहीही झालेलं नाही,” ते खजील होऊन म्हणाले. “मी नुसता पाय बघत होतो. या मुलांनी गाढव बघितलं. शाबास!” व्यवस्थापकांनी ट्रक रिकामा परत पाठवला.

“शाबास तर खरीच,” मावशी म्हणाली. “जगाला शिकवते मी, आणि यांना लंगडायलाही मीच शिकवलं. लंगडले की गाजर, आणि नीट उभे राहिले की मी चालले पिल्लाकडे. पण घारी, तुला कळलं कसं?”

खोटं सांगता आलं असतं. घारीने अंगठ्याने माती उकरली. “त्या दिवशी माझं डोकं दुखत नव्हतं,” ती म्हणाली आणि गोठ्यामागच्या बाकावर जाऊन बसली.

तळ्याकडून बुडबुडच्या किंचाळ्या येऊ लागल्या. मावशी आली आणि तिच्याशेजारी टेकली. 

“बुडबुडची माशांची वेळ झाली,” घारी म्हणाली.

“साळुंकी देईल,” मावशी म्हणाली, आणि बसून राहिली.